मधल्या फळीचा माणूस आणि खेळाची मालकी

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीने १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची राष्ट्रीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निवड केली, तेव्हा या घटनेचे स्वागत प्रामुख्याने स्वाभिमानाच्या भाषेत झाले. २०१२ नंतर प्रथमच हे पद एका भारतीयाकडे आले. १७० अर्ज आले होते. अखेरच्या यादीत तीन नावे राहिली आणि त्यांपैकी दोन परदेशी होती. घरच्या माणसाला न्याय मिळाला, ही भावना स्वाभाविक होती व तिच्यात गैर काही नव्हते. परंतु स्वाभिमानाने मन भरले की विचार थांबतो, हा सार्वजनिक जीवनातला नेहमीचा अनुभव आहे. एका माणसाची निवड झाली एवढ्याने ज्या व्यवस्थेने त्याच्यासारख्या शेकडो माणसांना दाराबाहेर ठेवले ती व्यवस्था बदलत नाही. म्हणून खालिद जमील यांच्या कारकीर्दीकडे यशोगाथा म्हणून पाहण्याऐवजी, गेल्या तीस वर्षांत या देशात खेळाची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याचा पुरावा म्हणून पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये एका भारतीय कुटुंबात झाला. १९९० च्या ऑगस्ट महिन्यात इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि तेथील लाखो भारतीयांचे संसार एका आठवड्यात उघड्यावर आले. त्यांत अधिकारी, व्यापारी होते तसेच गवंडी, सुतार, वाहनचालक आणि स्वयंपाकीही होते. एअर इंडियाच्या विमानांनी त्या काळात एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली. सार्वजनिक क्षेत्रातील विमान कंपनी कशासाठी असते या प्रश्नाचे ते एक उत्तर होते. त्या युद्धामुळे जमील कुटुंब भारतात आले आणि हा मुलगा पुढे मुंबईच्या मैदानांवर वाढला. स्थलांतर ही ज्यांच्या जीवनातील पहिली मोठी घटना असते त्यांना कोणतीही जागा आपल्या हक्काची वाटत नाही; ती रोज मिळवावी लागते. जमील यांच्या पुढील आयुष्यातही नेमके हेच घडत गेले.

ते मधल्या फळीत खेळले. फुटबॉलच्या मैदानावर आघाडीच्या खेळाडूला टाळ्या मिळतात, गोलरक्षकाला दोष मिळतो. मधल्या फळीच्या वाट्याला प्रामुख्याने श्रम येतात. बचाव आणि आक्रमण यांच्यामधली जागा राखणे, प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढून घेणे, तो योग्य माणसाकडे योग्य वेळी पोचवणे आणि पुन्हा मागे धावणे, हे त्याचे काम. त्याला साऱ्या मैदानाचा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो. जगातील कितीतरी नामवंत प्रशिक्षक या जागेवरून आले, त्याचे कारण हेच असावे. कारखान्यात ज्याप्रमाणे जॉबरला एका यंत्राऐवजी अख्खा विभाग ठाऊक असतो, तसा मधल्या फळीच्या खेळाडूला खेळ ठाऊक असतो.

१९९७ च्या सुमारास जमील महिंद्र युनायटेडमध्ये आले, १९९८ ते २००२ या काळात एअर इंडियाच्या संघात खेळले आणि २००२ मध्ये पुन्हा महिंद्रकडे परतले. राष्ट्रीय संघातही त्यांनी स्थान मिळवले. ही दोन नावे म्हणजे मुंबईच्या फुटबॉलमधील दोन व्यवस्थांची नावे आहेत. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाच्या या शहरात फुटबॉल आणले गोऱ्या पलटणींनी. पण तो येथे रुजवला तो आस्थापनांच्या संघांनी. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, मध्य रेल्वे, राष्ट्रीय केमिकल्स, एअर इंडिया हे संघ कूपरेजच्या मैदानावर उतरत, तेव्हा खेळाडूच्या पाठीशी एक नोकरी असे. तो सकाळी सराव करी, दुपारी कचेरीत हजेरी लावी आणि महिनाअखेर त्याचा पगार घरी येई. पाय मोडला तरी भविष्यनिर्वाह निधी मोडत नसे. गोवा, केरळ, बंगाल, पंजाब येथून आलेल्या, हातात पदवी नसलेल्या मुलांना या नोकऱ्यांनी मुंबईत छप्पर दिले.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. आस्थापनांच्या संघांना गावठाण नव्हते आणि त्यामुळे प्रेक्षकही नव्हते. मुलांना लहान वयात हेरून वाढवण्याची जबाबदारी त्यांतील थोड्यांनीच घेतली. निवडीत साहेबाची मर्जी चाले. खेळ संपला की माणूस फायलींच्या ढिगाऱ्यात हरवून जाई आणि त्याच्या ज्ञानाचा उपयोग पुढच्या पिढीला होत नसे. तरीही या व्यवस्थेत एक तत्त्व अंतर्भूत होते. खेळाडू हाही एक कामगार आहे, त्याच्या शरीराची झीज होते आणि त्या झिजेची भरपाई करण्याचे दायित्व त्याला राबवून घेणाऱ्यावर आहे, हे ते तत्त्व होय.

पुढे काय झाले? १९६२ पासून चालत आलेल्या महिंद्रच्या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली. जमील तेव्हा त्याच संघात होते. देशाचे विजेतेपद मिळवलेला हा संघ २०१० मध्ये कंपनीने विसर्जित केला. खेळाडूंनी काही गैर केले नव्हते, संघ तळाला गेला नव्हता. संचालकांच्या प्राधान्यक्रमात फुटबॉलची जागा बदलली एवढेच. एअर इंडियाच्या संघाचे मरण निराळ्या रीतीने आले. आशियाई महासंघाने व्यावसायिक क्लबांसाठी घातलेल्या परवान्याच्या निकषांत हा संघ बसत नाही, या कारणास्तव २०१३ मध्ये तो आय-लीगमधून बाहेर पडला. ओएनजीसीच्या संघाचीही तीच गत झाली. एकाचा निकाल मालकाच्या इच्छेने लागला, दुसऱ्याचा नियमाच्या कलमाने. दोन्ही वेळी ज्यांनी मैदानावर घाम गाळला त्यांना कोणी विचारले नाही. विमान कंपनीही २०२२ च्या जानेवारीत टाटा समूहाच्या स्वाधीन झाली, तो भाग वेगळा.

जमील यांच्या खेळण्याच्या वर्षांना दुखापतींनी लवकर विराम दिला. २००७ मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसी या क्लबात आले आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी बूट उतरवून तेथेच प्रशिक्षणाचे काम स्वीकारले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा क्षण महत्त्वाचा आहे. गिरणी कामगार पस्तीस-चाळीस वर्षे आपले श्रम विकू शकतो; फुटबॉलपटूला जेमतेम बारा-पंधरा वर्षे मिळतात. ती सरली की त्याच्यापाशी एकच भांडवल उरते, ते म्हणजे खेळाविषयीचे ज्ञान. त्या ज्ञानाला बाजारात मूल्य यावे यासाठी पायरी-पायरीने परवाने मिळवावे लागतात, त्यांचे अभ्यासक्रम पुरे करावे लागतात, वेळ आणि पैसा खर्चावा लागतो. ज्याला संसार चालवायचा आहे त्याने हा खर्च कोठून करावा, याची चिंता आपल्या क्रीडाधोरणाने क्वचितच केली आहे. परिणामी बहुसंख्य माजी खेळाडूंचे ज्ञान त्यांच्याबरोबरच निवृत्त होते. राष्ट्रीय संपत्तीचा हा नाश कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

मुंबई एफसीचा अर्थसंकल्प तुटपुंजा होता. कोलकात्याचे व गोव्याचे क्लब जे खेळाडू घेत, ते मुंबईला परवडत नसत. जमील यांनी सात हंगाम हा संघ प्रथम श्रेणीत टिकवून ठेवला. बचाव भक्कम ठेवायचा, मधली जागा आवळून धरायची, मिळेल त्या संधीवर वेगाने पुढे सरकायचे, अशी त्यांची रीत होती. तिला टीकाकारांनी नीरस म्हटले. परंतु साधने अपुरी असताना नियोजन कसे करावे हा प्रश्न ज्याच्यापुढे रोज उभा असतो, त्याला सौंदर्याची चैन परवडत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला बागायतदाराचे पीक का घेत नाहीस असे विचारण्यासारखेच ते आहे. २०१६ मध्ये क्लबाने त्यांना निरोप दिला. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी गुणतक्त्याच्या तळाशी गेला आणि त्यानंतर क्लबच बंद पडला. सात वर्षे एखादा माणूस छपराला टेकू देऊन उभा होता, हे छप्पर कोसळल्यावर कळले.

जमील तोवर मिझोरमला पोचले होते. ऐझॉल एफसी हा संघ २०१५-१६ च्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. परंतु आय-लीगचे भवितव्य अंधारात असल्याचे पाहून गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली आणि रिकाम्या झालेल्या जागेमुळे ऐझॉलला वरच्या श्रेणीत परत घेण्यात आले. थोडक्यात, दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या ताटावर त्याला बसवले गेले होते. संघ प्रामुख्याने मिझो तरुणांचा. सोबत सिरिया, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट येथून आलेले, फार मोठ्या किमतीचे नसलेले काही खेळाडू. आणि जमील यांच्या ओळखीतील जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे मुंबई एफसीत खेळून गेलेले गडी. २२ एप्रिल २०१७ रोजी या संघाने आपल्या मैदानावर मोहन बागानचा १-० असा पराभव केला. ३० एप्रिलला शिलाँग येथे लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधली आणि १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून तो राष्ट्रविजेता ठरला. मोहन बागान ३६ गुणांवर राहिला. ईशान्य भारतातील संघाने देशाचे साखळी विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती.

ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या डोंगरी राज्याने मुंबईहून आलेल्या मुसलमान प्रशिक्षकाला डोक्यावर घेऊन नाचावे, यात विशेष सांगण्यासारखे काही नसावे अशी आपली लोकशाही असायला हवी. तशी ती नाही, म्हणून त्या दिवसाची नोंद करणे अगत्याचे ठरते. ज्यांना दिल्लीचे राज्यकर्ते सीमेवरचे लोक म्हणून ओळखतात आणि ज्या धर्माच्या माणसाला उठता-बसता आपली निष्ठा सिद्ध करावी लागते, त्या दोघांनी मिळून देशाच्या मध्यभागी जागा मिळवली. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे पुष्कळ होतात. तिचे प्रात्यक्षिक क्वचितच घडते.

पण या विजयाचे फळ काय मिळाले, हे पाहिले पाहिजे. ९ डिसेंबर २०१० रोजी महासंघाने फुटबॉलचे व्यापारी हक्क रिलायन्स व आयएमजी यांच्या संयुक्त कंपनीला पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात दिले होते. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्माला आली. या लीगमध्ये प्रवेश गुणांवर मिळत नसे. तो पैशावर मिळे. जगभर मान्य असलेली रीत अशी की वरच्या श्रेणीत तळाला गेलेला संघ खाली येतो आणि खालचा विजेता वर चढतो. येथे संघ हा मालकाने विकत घेतलेला परवाना होता आणि परवान्याला घसरण ठाऊक नसते. ऐझॉल देशाचा विजेता झाला, तेव्हा अव्वल स्पर्धेचे दार आपल्याला उघडावे अशी मागणी त्या क्लबाला आंदोलनाच्या भाषेत करावी लागली. ती मान्य झाली नाही. आय-लीगची प्रतिष्ठा उतरत गेली आणि २०१९ मध्ये सुपर लीगलाच देशाची प्रथम श्रेणी म्हणून मान्यता मिळाली. ज्यांनी श्रेष्ठत्व मैदानावर सिद्ध केले ते दुय्यम ठरले आणि ज्यांनी शुल्क भरले ते अव्वल ठरले. अर्थशास्त्रात ज्याला मक्तेदारी म्हणतात ती हीच. स्पर्धा हा ज्या व्यवसायाचा प्राण आहे, त्या व्यवसायात स्पर्धेलाच मज्जाव करण्यात आला.

प्रशिक्षकांच्या बाबतीत तीच वृत्ती दिसली. २०१४ पासून २०२१ पर्यंत या लीगमध्ये एकाही क्लबाने भारतीय माणसाला कायम स्वरूपाचे मुख्य प्रशिक्षकपद दिले नाही. भारतीय होते ते साहाय्यक. परदेशी प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली की उरलेल्या सामन्यांपुरता साहाय्यक पुढे केला जाई आणि हंगाम संपताच नव्या परदेशी नावाची घोषणा होई. जमील यांनाही याच मार्गाने यावे लागले. राष्ट्रविजेत्या संघाचे प्रशिक्षक असूनही, ईस्ट बंगाल व मोहन बागान येथील अल्पकालीन नेमणुकांनंतर ते नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये साहाय्यक होते. २०२१ च्या जानेवारीत मुख्य प्रशिक्षकाला काढण्यात आले आणि संघ त्यांच्या हाती आला. साखळीतील उरलेल्या सामन्यांत एकही पराभव न पत्करता त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेले. मग त्याच वर्षी त्यांना कायम करण्यात आले. पुढचा हंगाम मात्र वाईट गेला, संघ दहाव्या क्रमांकावर फेकला गेला, आणि जमील यांना खालच्या श्रेणीतील बंगळुरू युनायटेडकडे जावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये जमशेदपूरने त्यांना बोलावले. २०२४-२५ मध्ये तो संघ सुपर लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. लागोपाठ दोन वर्षे महासंघाने त्यांना उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून गौरवले.

भारतीय प्रशिक्षकाला विश्वास का मिळू नये, याचे समर्थन ज्ञानाच्या अभावाने केले जाते. इतिहास या समर्थनाला साथ देत नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले. त्यानंतरच्या काळात एवढी उंची भारतीय फुटबॉलने गाठलेली नाही. अलीकडचे उदाहरण गोव्याचे. मधल्या फळीत खेळलेले क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी प्रशिक्षक असताना ओडिशाच्या संघाला २०२३ चा सुपर चषक जिंकून दिला. परदेशी शिक्षकांचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. ज्ञानाला देश नसतो आणि समाजवादी विचाराला पासपोर्टचे प्रेम नाही. आक्षेप आहे तो मालकवर्गाच्या सोयीला. बाहेरून आणलेला प्रशिक्षक वर्षभरात परत पाठवता येतो. देशी प्रशिक्षक घडवायचा म्हणजे दहा वर्षे गुंतवणूक करावी लागते, आणि तिचा लाभ मालकाच्या संघापुरता न राहता साऱ्या खेळाला होतो. खासगी नफ्याचे गणित येथेच अडते.

या संदर्भात मेक्सिकोकडे पाहणे बोधप्रद आहे. हाविएर अगिरे हे मेक्सिको सिटीत जन्मलेले, पण स्पेनच्या बास्क प्रांतातून आलेल्या आईबापांचे पुत्र. १९८६ च्या विश्वचषकात ते मेक्सिकोच्या मधल्या फळीत खेळले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९९९ मध्ये पाचूका या संघाला त्याचे पहिले साखळी विजेतेपद मिळवून दिले. पाचूका हे चांदीच्या खाणींचे गाव. इंग्लंडातील कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुटबॉल नेला. अगिरे यांनी २००२ व २०१० च्या विश्वचषकांत राष्ट्रीय संघाचे नेतृत्व केले आणि २०२४ मध्ये ते काम त्यांच्याकडे तिसऱ्यांदा सोपवले गेले. मेक्सिकोचे फुटबॉल आदर्श आहे असे नाही. तेथील बडे क्लब दूरचित्रवाणी, मद्य आणि सिमेंटच्या कंपन्यांच्या हाती आहेत आणि २०२० पासून तेथेही संघांची चढउतार स्थगित करण्यात आली. पण एक फरक आहे. आपल्या मधल्या फळीच्या माणसाला प्रशिक्षक म्हणून वाढू देणे, अपयशानंतरही पुन्हा बोलावणे, हे त्या देशाने नाकारले नाही.

अगिरे यांच्या कारकीर्दीतील आणखी एक प्रकरण नगर जिल्ह्यातील वाचकांना जवळचे वाटेल. स्पेनच्या पाम्प्लोना शहरातील ओसासुना या क्लबाचे प्रशिक्षकपद त्यांनी २००२ ते २००६ या काळात सांभाळले. या क्लबाने २००५ मध्ये राजाच्या चषकाची अंतिम फेरी गाठली आणि २००५-०६ मध्ये स्पॅनिश साखळीत चौथा क्रमांक मिळवला. ओसासुनाला मालक नाही. १९९० च्या कायद्याने स्पेनमधील बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपन्या व्हावे लागले. जे चार क्लब सभासदांच्या मालकीचे राहिले त्यांत रेआल माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ यांच्याबरोबर हा लहानसा क्लबही आहे. सभासद वर्गणी भरतात आणि अध्यक्ष निवडतात. मराठी भाषेत याला सहकार म्हणतात.

प्रवरेच्या काठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्याला कारखाना चालवता येईल यावर किती जणांचा विश्वास होता? भांडवल, यंत्रज्ञान, व्यवस्थापन या गोष्टी शेठजींच्याच, हा समज त्या प्रयोगाने मोडला. त्याच कारखानदारीतून पुढे जिल्ह्यात शाळा, महाविद्यालये, दवाखाने निघाले. पण मैदाने? श्रीरामपूरच्या झहीर खानला क्रिकेटसाठी मुंबईच गाठावी लागली. ज्या जिल्ह्याने देशाला सहकाराचा धडा दिला, त्या जिल्ह्यातील मुलाला खेळाचा धडा घेण्यासाठी घर सोडावे लागते, ही विसंगती आहे. आणि हेही लपवण्यात अर्थ नाही की सहकाराची मालकी कागदावर सभासदांची राहून व्यवहारात घराण्यांची झाली, तर तोही एक प्रकारचा परवानाच होतो. म्हणून सहकारी क्लबाची कल्पना मांडताना सहकाराच्या अधोगतीचा धडाही जवळ ठेवावा लागेल: एक सभासद एक मत, ठरावीक मुदतीनंतर पदत्याग, उघडे हिशोब आणि खेळाडूंचा निवडून दिलेला प्रतिनिधी.

राष्ट्रीय संघाचा कारभार जमील यांच्या हाती आला तो कोणत्या घटकेला, हे लक्षात घेतल्यावाचून त्यांच्या कामाचे मूल्यमापन करणे अन्याय्य होईल. जागतिक क्रमवारीत भारत १३३ व्या स्थानी होता. पंधरा वर्षांच्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नूतनीकरण झाले नव्हते. आणि लीग चालवणाऱ्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये पुढील हंगाम स्थगित असल्याचे क्लबांना कळवले. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवले. इतर काही क्लबांनीही कामकाज आवरते घेतले. एका कराराची शाई वाळली आणि देशभरातील खेळाडू, प्रशिक्षक, वैद्यकीय साहाय्यक, मैदानावरचे माळी या सर्वांच्या चुली धोक्यात आल्या. आस्थापनांच्या नोकरीला जुनाट म्हणून हिणवणाऱ्यांनी आणलेल्या आधुनिकतेचे हे रूप होते.

अशा स्थितीत, सरावापासून तुटलेले खेळाडू घेऊन जमील मध्य आशियातील नेशन्स चषकासाठी गेले. यजमान ताजिकिस्तानला भारताने २-१ असे हरवले, इराणकडून ०-३ असा मार खाल्ला, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी केली आणि तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात ओमानवर पेनल्टी फटक्यांत मात केली. आशा वाढल्या. त्या ऑक्टोबरमध्ये विझल्या. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरशी त्यांच्या भूमीवर १-१ अशी बरोबरी झाली. १४ ऑक्टोबरला मडगावात भारत १-२ असा हरला आणि २०२७ च्या स्पर्धेतून बाहेर पडला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशनेही भारताला ०-१ असे नमवले. जमील यांचे डावपेच त्या सामन्यांत तोकडे पडले, हे मान्य करावे लागेल. दुबळ्या क्लबाला तारणारी सावध रीत, जिंकणे अपरिहार्य असलेल्या सामन्यात पुरी पडतेच असे नाही. परंतु त्यांच्या आधीच्या दोन पात्रता सामन्यांत परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली भारताला एकच गुण मिळाला होता, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. पराभवानंतर देशी माणसाला नेमणे हीच चूक होती, असा निष्कर्ष काढायला अनेक जण आतुर असतात. परदेशी प्रशिक्षक हरला की एक माणूस अपयशी ठरतो. देशी प्रशिक्षक हरला की एक जमातच अपात्र ठरवली जाते. आरक्षणाच्या वादातील हा युक्तिवाद कार्यकर्त्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

तेव्हा या कारकीर्दीतून निघणाऱ्या मागण्या स्पष्ट आहेत. खेळाडू व प्रशिक्षक यांना कामगार म्हणून मान्यता मिळावी. त्यांच्या कराराला भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि दुखापतीच्या काळातील वेतन यांची जोड असावी. माजी खेळाडूंच्या प्रशिक्षण-परवान्याचा खर्च राज्याने उचलावा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून त्यांना नियमित वेतनावर नेमावे. प्रथम श्रेणीचे दार मैदानावरील गुणांनीच उघडावे व बंद व्हावे. खेळाचे हक्क एका कंपनीच्या स्वाधीन दीर्घ मुदतीसाठी करण्याचा अधिकार महासंघाच्या मूठभर पदाधिकाऱ्यांपाशी राहू नये. आणि तालुक्याच्या गावी सभासदांच्या मालकीचे क्लब उभे करण्यास, पतपेढीला मिळते तसे कायद्याचे व भांडवलाचे साहाय्य मिळावे.

यांतील एकही मागणी स्वप्नाळू नाही. ऐझॉलने विजेतेपद मिळवून दाखवले, ओसासुनाने सभासदांच्या बळावर बड्यांना झुंज दिली, रहीम यांनी शाळेच्या वर्गातून येऊन आशिया जिंकला. या गोष्टी घडून गेल्या आहेत. अशी माणसे दर जिल्ह्यात आहेत; कोणी पतसंस्थेत कारकुनी करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी संध्याकाळी पदरचा चेंडू घेऊन वस्तीतल्या पोरांना फुकट शिकवतो. त्यांचे ज्ञान वाया जाऊ न देणे हे काम दिल्लीच्या महासंघावर सोपवून भागणार नाही. ज्या कार्यकर्त्याने गावात वाचनालय काढले, दूध संस्था काढली, त्याने आता मैदानाच्या जागेचा ठराव ग्रामसभेपुढे आणावा. गायरानावर बिल्डरची नजर पडण्याआधी तो ठराव मंजूर झाला पाहिजे.